बंद पडलेली पद्मिनी घरी जागी करताना

बरीच वर्षं बंद असलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं की हात आपोआप इंजिनाकडे जातो. नवी बॅटरी लावावी, कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल ओतावं आणि सेल्फ मारून बघावा, असा मोह सगळ्यांनाच होतो. घरच्या घरी जुनी गाडी दुरुस्त करायला निघालेल्यांना माझं पहिलं सांगणं आहे, हा मोह आवरा. आधी ब्रेक, मग इंजिन, त्यानंतर वायरिंग आणि रंग अगदी शेवटी. शिवाय एक काम पुरं होऊन गाडीत परत बसल्याशिवाय दुसरं उघडू नका. अर्धवट सोडलेल्या गाड्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पैसे संपले किंवा सुटे भाग मिळेनात म्हणून अडलेल्या त्यात थोड्या. बहुतेक गाड्या उत्साहाच्या भरात एका दमात पूर्ण खोलल्या गेल्या होत्या आणि वर्षभराने कुठला बोल्ट कुठला हे घरातल्या कुणालाच सांगता येत नव्हतं.

उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनी घेते. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनायची आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी या नावाने बाहेर पडू लागली. मुंबईची काळी-पिवळी म्हणून तिला सगळे ओळखतात. वीस वर्षांची मर्यादा पुरी करून तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. खाजगी पद्मिन्या मात्र अजून अनेक घरांच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभ्या आहेत. शिकणाऱ्यासाठी ही गाडी फार चांगली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं साधं इंजिन, कुठेही कॉम्प्युटर नाही, बॉनेटखाली हात घालायला भरपूर जागा. जे बिघडतं ते डोळ्यांनी दिसतं, नाकाला कळतं किंवा बोटाला लागतं. टॅक्सीमुळे तिच्यावर आयुष्य काढलेले मिस्त्रीही मुंबईत अजून आहेत. त्यातले बरेच जण उतारवयात आले आहेत. त्यांच्याजवळ बसून शिकायचं असेल तर आत्ताच जा.

पाना हातात घेण्याआधी आरसी पुस्तक हातात घ्या. त्यातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. नंबर गंजाखाली गेला असेल तर रॉकेल लावलेल्या फडक्याने हळूच पुसा. पोलिश पेपरने घासू नका, आकडे पुसट होतील. गाडी वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. नोंदणीची १५ वर्षं संपली असतील तर आरटीओत तपासणी करून ती पुढे दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी त्याचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालं आहे, आणि महाराष्ट्रात जुन्या गाड्यांवर पर्यावरण कर निराळा भरावा लागतो. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणूनही नोंद होते. त्याचं शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती १० वर्षं चालते. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. मंडईत, नाटकाला गाडी घेऊन जायची इच्छा असेल त्यांनी साधी नोंदणीच चालू ठेवावी. इंजिन बदलायचं असेल किंवा गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायचा असेल तर आरटीओची परवानगी आधी घ्या. कागद अडकलेले असतील तर खर्च थांबवा आणि ते आधी सोडवा.

आता जागा. बंगल्याचा पोर्च किंवा वाड्याचं अंगण असेल तर प्रश्न नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर समितीशी आधी बोलून घ्या. ब्रेक, वायरिंग, सीट, काचेचे रबर ही कामं तिथे चालतात. पेट्रोलची टाकी उघडणं, वेल्डिंग, रंग फवारणं ही कामं इमारतीखाली करूच नका. जमीन सपाट आणि पक्की हवी. फरशी चिकण असेल तर जॅकखाली जाड फळी घाला. गाडी जॅकवर चढवली की तिच्याखाली लोखंडी जॅक-स्टँड लावल्याशिवाय डोकंसुद्धा आत घालायचं नाही. विटा आणि सिमेंटचे ठोकळे चालत नाहीत, वजनाखाली ते कुठलाही इशारा न देता फुटतात. घरातल्या एकाला तरी तुम्ही गाडीखाली आहात हे माहीत असू द्या. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा. बॅटरीजवळ काम करताना पाना आणि अंगठी यांतून शॉर्ट झाला तर बोट भाजतं ते हाडापर्यंत.

हत्यारं फार लागत नाहीत. पद्मिनी मूळची इटालियन, त्यामुळे तिला मिलिमीटरचे पाने लागतात. ८ ते २२ पर्यंतचे रिंग आणि फिक्स पाने, एक चांगला सॉकेट सेट, पक्कड, दोन-तीन आकारांचे स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज, ग्रीस गन आणि एक मल्टिमीटर. अँबॅसिडर किंवा जुनी जीप असेल तर इंची पाने वेगळे घ्यावे लागतील. तिथे मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो, पण जोर दिला की नटाचे कोपरे गोल करून टाकतो. टॉर्क रेंच महाग वाटला तरी घ्या. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, त्यात अंदाजाने बोल्ट आवळला तर आटे जातात. गंजलेल्या बोल्टवर ताकद लावू नका. गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा मारा, मग थोडा आवळून मग सैल करा. एक वही ठेवा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो, काढल्यावर नट-बोल्ट लगेच झिपच्या पिशवीत आणि पिशवीवर नाव. वायर सुटी करताना दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तोच आकडा लिहा.

पहिलं प्रत्यक्ष काम गंज तपासण्याचं. पद्मिनीला वेगळी चासी नाही, सगळा भार बॉडीच उचलते. त्यामुळे तळाचा पत्रा आणि दरवाज्यांखालची पोकळ पट्टी गंजली असेल तर प्रश्न दिसण्याचा राहत नाही, गाडीच्या मजबुतीचा होतो. मॅटिंग पूर्ण उचला. डिकीत स्टेपनीची जागा, बॅटरीखालचा ट्रे, दरवाज्यांच्या खालच्या कडा, स्प्रिंगपाटे जिथे बॉडीला अडकतात ती टोकं, या सगळ्या ठिकाणी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला बोदा. एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे आत लांबीचा थर आहे. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहिलेल्या गाडीची ही तपासणी दोनदा करा. तळ आणि पट्ट्या दोन्ही गेल्या असतील तर घरगुती हौसेतून हात काढून चांगल्या डेंटरकडे जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वरच्या पत्र्याचा गंज थांबू शकतो. त्याला रेड ऑक्साइड लावून पुढे चला.

ब्रेकवर सगळ्यात जास्त वेळ द्या. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ते ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतात. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि गाडी उभी राहिली की तोच ओलावा आतून सिलिंडर गंजवतो. चाक काढल्यावर ड्रम अडकलेला निघेल. ॲडजस्टर उलटा फिरवून शू आत घ्या, ड्रमभोवती लाकडी हातोडीने ठोकत राहा. बिडाचा ड्रम लोखंडी घणाने फुटतो. आतली काळी पूड फुंकू नका, कंप्रेसरची हवाही मारू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं आणि ते फुफ्फुसात गेलं की तिथेच राहतं. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

व्हील सिलिंडर उघडले की आतल्या रबरी वाट्या नव्या घालायच्याच, जुन्या कितीही बऱ्या दिसल्या तरी. सिलिंडरच्या भिंतीवर बोट फिरवा. बारीक डाग बारीक पोलिश पेपरने जातात. नखाला खड्डा लागला तर सिलिंडर नवा घ्या किंवा लेथवाल्याकडून आत स्लीव्ह बसवून घ्या. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ब्रेकचे रबर पेट्रोलने, डिझेलने धुवायचे नाहीत आणि त्यांना ग्रीस लावायचं नाही. साधं तेल लागलं की ते फुगतात आणि ब्रेक जाम होतो. धुवायचं ते ब्रेक ऑइलनेच. चाकांकडे जाणारे लवचीक रबरी पाइप बाहेरून ठीक दिसतात, पण आतून फुगून त्यांचं भोक बंद झालेलं असतं. मग ब्रेक लागतो आणि सुटत नाही. ते सगळे बदला. लोखंडी पाइपांवर जिथे खवले दिसतील तिथला पूर्ण पाइप नवा करून घ्या. जुन्या गाड्यांना सगळ्या चाकांचं मिळून एकच सर्किट असतं. एका चाकापाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो, म्हणून इथली काटकसर परवडत नाही.

एअर काढायला दुसरा माणूस लागतो. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी घ्या, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं. तिथून जवळ जवळ येत शेवटी पुढच्या उजव्या चाकापाशी या. आतल्याने पेडल हळू दाबून धरायचं, बाहेरच्याने निपल उघडून बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल बंद केल्यावरच पेडल सोडायचं. मध्येच बाटलीतलं ऑइल संपू देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून. काम झाल्यावर पेडल स्पंजासारखं लागलं तर आत हवा उरली आहे. पेडल घट्ट लागलं पण पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरची वाटी गेली आहे. ब्रेक ऑइल रंग खातं, बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

आता इंजिन. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस तसंच ठेवा. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून हाताने हलकेच पुढे-मागे ढकला. इंजिन फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर पुन्हा तेल सोडून आणखी काही दिवस थांबा. अडकलेल्या इंजिनावर सेल्फ मारला तर पिस्टनची रिंग तुटू शकते, आणि चार दिवसांचं काम चार महिन्यांवर जातं. इंजिन मोकळं झालं की जुनं ऑइल काढा, नवं भरा, फिल्टर असेल तर तोही बदला. प्लग न लावताच थोडा थोडा वेळ सेल्फ मारून ऑइलचा दाब येऊ द्या. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात साठवून गॅरेजवाल्याला द्या. त्याच्याकडून ते पुनर्वापराला जातं.

टाकी डिकीच्या बाजूला असते. त्यातलं पेट्रोल वार्निशसारखा वास मारत असेल तर ते कामाचं नाही. टाकी उतरवून उघड्यावर रिकामी करा, आतला गंज पाहा. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग करू नका. रिकाम्या टाकीत वाफ उरलेली असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच जास्त स्फोटक. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर, कॉर्कची गॅस्केट आणि पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम त्याने मऊ होतात, चिरतात. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा इथेनॉल सोसणारा नवा घाला आणि मध्ये पारदर्शक फिल्टर लावा. ऑइलच्या काडीला पेट्रोलचा वास आला तर पंपाचा डायफ्रॅम फाटला आहे, ते पेट्रोल इंजिनात उतरतंय. तशा अवस्थेत गाडी चालवू नका.

कार्बोरेटर टेबलावर पांढऱ्या कापडावर उघडा. पितळी जेटमध्ये तार घालायची नाही. ते भोक मोजून पाडलेलं असतं, ओरखडा पडला की मिश्रण कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर किंवा पेट्रोलने धुऊन हवेच्या दाबाने मोकळं करा. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोलचा आवाज आला तर तो फुटला आहे, अशा गाडीचा कार्बोरेटर सतत ओव्हरफ्लो होतो.

मग स्पार्क. डिस्ट्रिब्युटरची टोपी उन्हात धरून बारीक तडे शोधा. पॉइंट स्वच्छ करून फीलर गेजने अंतर ०.४ मिलिमीटरच्या आसपास आणि प्लगचं ०.६ च्या आसपास ठेवा. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. वायरींचा क्रम १-३-४-२. प्लग वायरला लावून त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवून सेल्फ मारला की निळा, टणक स्पार्क दिसायला हवा. ही परीक्षा घेताना आसपास पेट्रोल उघडं नको. स्पार्क पिवळा, मरतुकडा असेल तर आधी कंडेन्सर बदला. स्वस्त भाग आहे, आणि निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

इंजिन चालू झालं तरी लगेच खूश होऊन रेस करू नका. कॉम्प्रेशन गेजने चारही सिलिंडर मोजा. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. एक कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व नीट बसत नाहीत. रेडिएटर उलट्या बाजूने पाणी सोडून धुवा. बोअरचं जड पाणी वापरून त्यात क्षार साचलेले असतात, पुढे मऊ पाण्यात कूलंट मिसळूनच भरा. अनेक गॅरेजांत थर्मोस्टॅट काढून टाकायची सवय आहे, गाडी गरम होत नाही म्हणून. तो परत बसवा. थंड चालणारं इंजिन पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये गाळ करतं आणि लवकर झिजतं.

वायरिंगचं थोडक्यात सांगते. दिवा मंद, इंडिकेटर वेडेवाकडे, हॉर्न कधी वाजतो कधी नाही, अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा गंजलेलं अर्थिंग असतं. अर्थची टोकं घासून घट्ट करा, फ्यूजच्या पट्ट्या साफ करा. कापडाचं आवरण असलेली वायर वाकवल्यावर चुरा होत असेल तर पूर्ण हार्नेस बदला. चुरा झालेल्या वायरीवर टेप गुंडाळणं म्हणजे आग पुढे ढकलणं.

काही कामं घरी करायची नसतात. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, डायनॅमो किंवा सेल्फचं वाइंडिंग, रेडिएटरची जाळी. ही त्या त्या कारागिराकडे न्या, पण भाग स्वतः सोडवून आणि धुऊन न्या. मजुरी वाचते आणि कारागीर तुमच्याशी मन लावून बोलतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका दिवसात जेवढं लेथकाम होऊ शकतं तेवढं फार थोड्या शहरांत होत असेल. सुट्या भागांसाठी मुंबईत कुर्ला आणि ऑपेरा हाऊस, पुण्यात नाना पेठ. जुना भाग सोबत घेऊनच जा. ‘फियाटचा द्या’ म्हटल्यावर तीन वेगवेगळ्या वर्षांचे तीन भाग समोर येतात. नवा बनावट आणि जुना अस्सल यांत निवड असेल तर धातूचा भाग जुना घ्या, रबर मात्र कधीही जुना घेऊ नका.

पहिली फेरी कंपाउंडमध्ये, ताशी १० किलोमीटरने, दोन-चारदा जोरात ब्रेक दाबून. टायरची जाडी पाहून फसू नका. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. दहा वर्षांपूर्वीचा टायर नव्यासारखा दिसला तरी तो दगडासारखा झालेला असतो. गाडीचा विमा आणि पीयूसी झाल्यावरच रस्त्यावर या. पहिले ५० किलोमीटर झाल्यावर चाकांचे बोल्ट, स्टिअरिंगचे सांधे आणि मागच्या स्प्रिंगपाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. पुढच्या किंगपिनला ग्रीस द्यायची आठवण वहीत लिहा. पद्मिनीचं स्टिअरिंग जड लागतं म्हणतात, तिथे बहुतेक वेळा नुसतं ग्रीस संपलेलं असतं.

रंगाची घाई यानंतरही नको. निदान एक हंगाम गाडी चालू द्या. चालताना जे गळतं, खडखडतं, पुन्हा उघडावं लागतं ते सगळं आधी निस्तरू द्या, नाहीतर नव्या रंगावर पान्यांचे ओरखडे पडतील. रंगकाम नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये करा. पावसाळ्यात पत्र्यावर ओल राहते आणि रंगाखाली फोड येतात. त्या चार महिन्यांत घरात बसून करण्यासारखी कामं ठेवा: जादा कार्बोरेटर, मीटर, दरवाज्यांची कुलुपं, सीटचं शिवण.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी जवळपास भरून ठेवा, रिकाम्या जागेत ओल जमते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. प्लास्टिकच्या कागदाने गाडी झाकू नका, हवा खेळेल असं कापड घाला. दर पंधरा दिवसांनी इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा आणि गाडी दोन-चार फूट पुढे-मागे करा. हँडब्रेक ओढून ठेवला तर शू ड्रमला चिकटतात, म्हणून तो सोडा आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा.